वायुयानांची वर्गवारी: कोणासाठी आणि कशासाठी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दिवसभर उतरत असणारे एअरबस ए३२० जातीचे विमान प्रवाशाच्या दृष्टीने एकच असले, तरी व्यवसायाच्या निमित्ताने त्याच्याकडे पाहणारा प्रत्येक जण त्याला वेगळ्या वर्गात बसवतो. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या लेखी ते ‘मध्यम’ असते, विमाने उभी करण्याच्या जागा आखणाऱ्या अभियंत्याच्या लेखी ते ‘सी’ अक्षराचे असते, विमानतळाच्या अग्निशमन दलाच्या लेखी ते सहाव्या श्रेणीचे असते, आणि जगभरच्या विमानांच्या अधिकृत सूचीत त्याच्या नावापुढे ‘एल२जे’ ही तीन चिन्हे असतात, ज्यांचा अर्थ जमिनीवरून उडणारे, दोन इंजिनांचे, जेट विमान असा होतो. यांपैकी कोणतीही नोंद दुसरीला खोटी ठरवत नाही, कारण प्रत्येक वर्गवारीच्या मागे एक वेगळा प्रश्न आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर ज्याचे काम अवलंबून आहे असा वेगळा माणूस असतो. त्यामुळे विमानांचे प्रकार किती, या प्रश्नाला एकच आकडा सांगून उत्तर देता येत नाही; प्रश्न कोण विचारतो आहे आणि त्याला त्या उत्तराचे काय करायचे आहे, हे आधी पाहावे लागते.

या सगळ्यांत मूलभूत प्रश्न असा, की यंत्र हवेत टिकते ते कशाच्या आधाराने. नागरी विमान वाहतुकीचा जागतिक पाया घालणारा शिकागो करार ७ डिसेंबर १९४४ रोजी झाला, आणि त्या कराराच्या सातव्या परिशिष्टात, जे मुळात राष्ट्रीयत्व व नोंदणीची चिन्हे ठरवण्यासाठी आहे आणि ज्याच्या व्यवस्थेनुसार भारतीय विमानांवर ‘व्हीटी’ ही अक्षरे रंगवलेली असतात, याच प्रश्नावर संपूर्ण वर्गवारी उभी केलेली आहे. तेथील व्याख्येनुसार हवेच्या प्रतिक्रियेतून वातावरणात आधार मिळवू शकणारे कोणतेही यंत्र म्हणजे वायुयान; अट एवढीच की हा आधार पृथ्वीच्या पृष्ठभागावर हवा दाबली गेल्याने मिळालेला नसावा. वायुयान या मोठ्या कुळात विमान ही केवळ एक शाखा आहे, आणि तिच्या शेजारी बलून, ग्लायडर, हेलिकॉप्टर अशा इतर शाखा आहेत. भारतातील १९३४च्या विमानविषयक कायद्याने हीच व्यापक भूमिका घेतली होती आणि आपल्या व्याख्येत बलून, एअरशिप, ग्लायडर यांच्या जोडीने पतंगाचाही नावानिशी उल्लेख केला होता. त्या कायद्याची जागा आता १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. पतंगाला वायुयान म्हणणे ऐकायला विचित्र वाटले, तरी शास्त्रीयदृष्ट्या ते पूर्णपणे योग्य आहे, कारण वाऱ्याशी तिरका कोन करून उभा राहणारा पतंग ज्या तत्त्वावर वर राहतो, त्याच तत्त्वावर शेकडो टनांचे विमानही वर राहते.

व्याख्येतील पृष्ठभागाची अट मूळची नाही. ती एका नव्या यंत्रामुळे जोडावी लागली. ब्रिटिश अभियंता ख्रिस्तोफर कॉकरेल यांच्या कल्पनेतून साकारलेल्या हॉवरक्राफ्टने १९५९मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून दाखवली, तेव्हा खाली सोडलेल्या हवेच्या गादीवर तरंगत पाण्यावरून आणि जमिनीवरून सारख्याच सहजतेने जाणारे हे वाहन जहाजांच्या कायद्यात बसवायचे की विमानांच्या, असा पेच उभा राहिला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९६७मध्ये व्याख्येत ही अट घालून हॉवरक्राफ्टला वायुयानांच्या यादीतून वगळले. मात्र सीमारेषेवरची अडचण तेवढ्याने संपली नाही, कारण सोव्हिएत संघाने १९६०च्या दशकात कॅस्पियन समुद्रावर अशी अवाढव्य पंखधारी याने उडवली, की जी पाण्यापासून अगदी थोड्या उंचीवर, पंख आणि पाणी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या हवेचा लाभ घेत वेगाने जात. अशा यानांसाठी पुढे जी तडजोड झाली ती तर्काला धरून आहे: जे यान पृष्ठभागाचा आधार सोडून वर उडूच शकत नाही त्याची गणना जहाजात करायची, आणि जे मनात आणल्यास पूर्ण उड्डाण करू शकते त्याला विमानाचे नियम लावायचे. अग्निबाण मात्र कितीही उंच गेला तरी या कुळात येत नाही, कारण तो वर जातो तो स्वतःच्या वायूंच्या झोताच्या बळावर, आणि हवा त्याच्यासाठी आधार नसून अडथळा असते.

आधार मिळवण्याच्या पद्धतीवरून वायुयानांचे जे दोन मोठे विभाग पडतात त्यांपैकी पहिला हवेपेक्षा हलक्या यानांचा. पाण्यात बुडवलेल्या वस्तूला तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका वरच्या दिशेने जोर मिळतो, हे आर्किमिडीजचे तत्त्व हवेलाही लागू असल्याने, एखाद्या आवरणात हवेपेक्षा विरळ वायू भरला की ते आवरण वर उचलले जाते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलोग्रॅम वजन उचलू शकतो आणि हायड्रोजन त्याहून किंचित अधिक. माणसाने पृथ्वी सोडली ती याच मार्गाने: २१ नोव्हेंबर १७८३ रोजी माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनमधून दोन माणसे पॅरिसवरून मुक्तपणे उडाली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला जाक शार्ल यांनी हायड्रोजनच्या बलूनमधून उड्डाण केले. इंजिन नसलेल्या या यानांचे मुक्त बलून आणि बांधलेला बलून असे दोन उपप्रकार मानले जातात. जमिनीशी दोराने बांधलेले बलून आजही टेहळणीसाठी वापरले जातात, कारण काही किलोमीटर उंचीचा रडारचा मनोरा बांधणे शक्य नसले तरी तेवढ्या उंचीवर रडार धरून ठेवणारा बलून शक्य असतो.

मुक्त बलून हे केवळ हौशी प्रवासाचे साधन उरले आहे, असा समज असल्यास तो दूर करणारे उदाहरण भारतातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथे बलून उड्डाण केंद्र असून तेथून सोडले जाणारे वैज्ञानिक बलून प्रवासी विमानाच्या तिप्पट-चौपट उंची गाठतात. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५मध्ये येथूनच हवेचे नमुने गोळा करणारे बलून सोडण्यात आले. २००५च्या बलूनचे आकारमान सुमारे ७ लाख ५६ हजार घनमीटर होते, त्याने ४५९ किलोग्रॅम वजनाची उपकरणे वर नेली, आणि २० ते ४१ किलोमीटर या पट्ट्यातून आणलेल्या नमुन्यांच्या तपासणीत हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांना सूक्ष्मजीव आढळले, ज्यांपैकी तीन जिवाणूंच्या जाती नव्या ठरल्या. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही, आणि संशोधकांनीही तो काढला नाही; परंतु जेथे विमान पोहोचत नाही आणि उपग्रह इतक्या खाली फिरू शकत नाही, त्या मधल्या थरात तासन्‌तास स्थिर राहणारे दुसरे साधन माणसाकडे नाही, हे या प्रयोगाने स्पष्ट होते. वर्गवारीच्या तक्त्यात सर्वांत जुन्या खान्यात बसलेले यान आजच्या विज्ञानाला उपयोगी पडते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बलूनला इंजिन आणि सुकाणू जोडले की तो एअरशिप होतो. एअरशिपचे तीन पोटप्रकार आकार कशाने टिकतो यावरून पडतात: आतल्या वायूच्या दाबानेच फुगीर राहणारी, तळाशी एकच कणा असलेली, आणि संपूर्ण धातूचा सांगाडा असलेली. तिसऱ्या प्रकारातील जर्मनीच्या झेपेलिनचे पहिले उड्डाण २ जुलै १९०० रोजी झाले, आणि २४५ मीटर लांबीच्या हिंडेनबुर्गला ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लागलेल्या आगीत ३६ जणांचा बळी गेला तेव्हा प्रवासी एअरशिपचे युग संपले. तक्त्यातील एअरशिपचा खाना मात्र रिकामा झालेला नाही. भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेने मे २०२५मध्ये मध्य प्रदेशातील श्योपूर येथून एका मानवरहित एअरशिपची सुमारे १७ किलोमीटर उंचीवर चाचणी घेतली आहे.

दुसरा विभाग हवेपेक्षा जड यानांचा, आणि येथे आधार आपोआप मिळत नाही, तर तो हवेतून पुढे सरकत मिळवावा लागतो. पंखाचा छेद आणि हवेच्या प्रवाहाशी असलेला त्याचा कोन यांमुळे पंख हवेला खाली ढकलतो, पंखाच्या वर दाब कमी आणि खाली अधिक होतो, आणि त्यातून जो वरच्या दिशेने जोर निर्माण होतो त्याला उत्थापक बल म्हणतात. इंजिन नसलेल्या ग्लायडरला पुढे जाण्यासाठी सतत थोडी उंची खर्च करावी लागते, आणि त्याची गुणवत्ता किती कमी उंचीत किती लांब जाते यावर मोजली जाते. आजची उत्तम ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्च करून ५० किलोमीटर किंवा त्याहूनही लांब जातात, आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा स्तंभ सापडला की गमावलेली उंची परत मिळवतात. पुण्यात हडपसरला केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र अनेक दशके असून, इंजिनाच्या मदतीशिवाय हवा वाचायला शिकवणारी अशी जागा महाराष्ट्रात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मनीच्या ओटो लिलिएनटाल यांनी १८९०च्या दशकात ग्लायडरमधून केलेल्या उड्डाणांचा अभ्यास राइट बंधूंनी केला होता, त्यामुळे ग्लायडर ही विमानाची धाकटी बहीण नसून थोरली बहीण आहे.

इंजिन असलेल्या, स्थिर पंखांच्या यानालाच काटेकोर अर्थाने विमान म्हणतात. त्याचे पंखांच्या संख्येवरून एकपंखी, द्विपंखी, त्रिपंखी असे जे भेद जुन्या पुस्तकांत ठळकपणे दिलेले असतात, त्यांना आता ऐतिहासिक महत्त्व उरले आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंद उडालेले राइट बंधूंचे विमान द्विपंखी होते, कारण लाकूड आणि कापड यांच्या बांधणीत दोन पंख एकमेकांना तारांनी ताणून धरल्याशिवाय पुरेशी मजबुती येत नसे. धातूची बांधणी रुळली तशी ती गरज संपली. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले ते पुस मॉथ विमान आधीच एकपंखी, एकाच इंजिनाचे आणि पंख छताच्या पातळीला असलेले होते.

आजच्या काळात अधिक बोलका भेद इंजिनाचा आहे. मोटारीसारखे सिलिंडर असलेले पिस्टन इंजिन लहान प्रशिक्षण विमानांना पुरते. टर्बोप्रॉप प्रकारात गॅस टर्बाइनच्या शक्तीने पुढचा पंखा फिरतो. आणि टर्बोफॅन प्रकारात, जो मोठ्या प्रवासी विमानांत सर्वत्र दिसतो, पुढचा भलामोठा पंखा एका आवरणात बसवलेला असून त्याने ओढलेल्या हवेपैकी बहुतांश हवा ज्वलनकक्षात न जाता बाहेरूनच मागे फेकली जाते. टर्बोप्रॉपचा वेग कमी असला तरी कमी अंतरावर त्याला इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टी पुरते, म्हणून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईहून तेथे एटीआर ७२ हे टर्बोप्रॉप विमानच धाडण्यात आले. आंतरराष्ट्रीय सूचीत या विमानापुढे ‘एल२टी’ अशी नोंद असते आणि त्यातील शेवटचे ‘टी’ टर्बोप्रॉपसाठी असते. पहिल्या अक्षराच्या जागी ‘एस’ आले तर ते पाण्यावरून उडणारे विमान, आणि ‘ए’ आले तर जमीन व पाणी दोन्हींवर उतरणारे उभयचर विमान. डिसेंबर २०१७मध्ये गिरगाव चौपाटीसमोर ज्याचे प्रात्यक्षिक मुंबईकरांनी पाहिले ते या पाण्याच्या कुळातले होते.

पंख स्थिर न ठेवता गोल फिरवला, तर यान पुढे न सरकताही हवेला पंखावरून वाहायला लावता येते, आणि या कल्पनेतून फिरत्या पंखांच्या यानांची शाखा निघते. तिच्यात दोन भिन्न यंत्रे आहेत आणि सामान्य वाचक त्यांत नेहमी गल्लत करतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी जानेवारी १९२३मध्ये यशस्वीपणे उडवलेल्या ऑटोगायरोमध्ये वरची पाती इंजिनाने फिरत नाहीत. इंजिन फक्त यानाला पुढे ढकलते आणि समोरून येणाऱ्या हवेमुळे पाती आपोआप फिरत राहतात, त्यामुळे हे यान हवेत एका जागी थांबू शकत नाही, परंतु इंजिन बंद पडले तरी हळूहळू उतरू शकते. हेलिकॉप्टरमध्ये इंजिनच पाती फिरवते, म्हणून ते जागच्या जागी उचलले जाते, मात्र त्याच वेळी त्याचे धड पात्यांच्या उलट दिशेने गरगरू पाहते आणि ते रोखण्यासाठी शेपटीवर छोटा पंखा बसवावा लागतो. भारतीय नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांना तो पंखा नसतो, कारण त्यांत एकाच दांड्यावर परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे दोन पंखे एकमेकांचा पीळ मारून टाकतात. पक्ष्यासारखे पंख फडफडवणाऱ्या यानासाठीही तक्त्यात स्वतंत्र खाना राखून ठेवलेला आहे, पण कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या गटाने २०१०मध्ये माणसाच्या पायांच्या बळावर १९.३ सेकंद उडवलेल्या यानासारखे प्रयोग सोडले, तर व्यवहारात तो खाना रिकामाच आहे.

या तक्त्याला खरा धक्का बसला तो हेलिकॉप्टरासारखे उठणाऱ्या आणि विमानासारखे पुढे जाणाऱ्या यानांमुळे. अमेरिकेच्या ऑस्प्रे यानात पंखांच्या टोकांवरील पंखे उड्डाणाच्या वेळी आकाशाकडे आणि नंतर समोर वळवले जातात. भारतीय नौदलाने १९८३पासून २०१६पर्यंत गोव्याच्या हंसा तळावरून चालवलेल्या सी हॅरियर विमानांत जेट इंजिनाच्या झोताची तोंडेच खाली वळवून विमानवाहू नौकेवर सरळ उभे उतरता येत असे. उठताना इंजिनाच्या जोरावर आणि जाताना स्थिर पंखांवर अवलंबून असलेल्या अशा यानांसाठी ‘शक्ती-उत्थापित’ असा वेगळा वर्ग मानला गेला, आणि विजेवर चालणाऱ्या हवाई टॅक्सींची तयारी सुरू झाल्यावर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांच्या वैमानिकांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केले. १९४०च्या दशकात हेलिकॉप्टर आल्यानंतर नागरी उड्डाणात प्रथमच नवा वर्ग दाखल झाला, अशी त्याची नोंद त्या प्रशासनानेच केली आहे. जुन्या दोन वर्गांपैकी एखाद्यात ही याने कोंबण्यापेक्षा वेगळा वर्ग करणे हेच शहाणपणाचे होते, कारण यातील सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाण्याचे ते काही क्षण, आणि त्या क्षणांचे प्रशिक्षण ना केवळ विमानाचा वैमानिक घेतो, ना केवळ हेलिकॉप्टरचा.

येथपर्यंतची वर्गवारी यंत्र काय आहे हे सांगते. पुढची वर्गवारी ते यंत्र आसपासच्या जगाचे काय करते हे सांगते. पंखाच्या खाली दाब जास्त आणि वर कमी असल्याने पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि विमानाच्या मागे दोन शक्तिशाली भोवरे सोडले जातात, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण काही मिनिटे टिकू शकतात. विमान जितके जड आणि संथ, तितके भोवरे तीव्र. ३० मे १९७२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथे प्रशिक्षणाच्या उड्डाणावरील एक डीसी-९ विमान अवजड डीसी-१० विमानाच्या मागोमाग उतरत असताना या भोवऱ्यात सापडून उलटले आणि त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले, तेव्हा दोन विमानांमध्ये किती अंतर हवे याचे नियम कडक करण्यात आले. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ७ टनांपर्यंतचे विमान हलके, १३६ टन किंवा त्याहून अधिक वजनाचे विमान अवजड, आणि मधले सगळे मध्यम मानले जाते. एअरबस ए३८०साठी त्यावरही एक स्वतंत्र वर्ग करावा लागला. अवजड विमानामागे उतरणाऱ्या मध्यम विमानाने सुमारे ९ किलोमीटर आणि हलक्या विमानाने सुमारे ११ किलोमीटर अंतर राखायचे असते. हे वजन त्या दिवशीचे नसून विमानाला परवानगी असलेले उड्डाणाचे कमाल वजन असते, त्यामुळे निम्मे रिकामे बोइंग ७७७ही अवजडच राहते आणि त्याचा वैमानिक नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलताना आपल्या नावापुढे ‘हेवी’ हा शब्द जोडतो.

या रेषा निर्दोष नाहीत. बोइंग ७५७ हे विमान १३६ टनांपेक्षा बरेच हलके असूनही त्याचे भोवरे त्याच्या वर्गाच्या मानाने तीव्र निघाले, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याच्यामागून जाणाऱ्या लहान विमानांना जीवघेणे अपघात झाल्यावर त्या विमानासाठी वेगळी अंतरे ठरवण्यात आली. नुसत्या वजनावर अवलंबून राहणे पुरेसे नाही हे त्यातून शिकून, नोव्हेंबर २०२०पासून वजनाबरोबर पंखांची लांबीही विचारात घेणारी सात गटांची सुधारित आंतरराष्ट्रीय व्यवस्था उपलब्ध झाली आहे. अपघातांमधून शिकून वर्गवारी बदलण्याची ही तयारी विमानवाहतुकीच्या क्षेत्राचा मोठा गुण मानला पाहिजे.

विमानतळाची वर्गवारी याहून साधी, पण परिणामांनी फार खोल आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या पंखांच्या लांबीनुसार विमानांना ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत अक्षरे दिली जातात: ‘सी’ची मर्यादा २४ ते ३६ मीटरच्या आत, ‘ई’ची ५२ ते ६५ मीटरच्या आत, आणि ‘एफ’ची ६५ ते ८० मीटरच्या आत. शेजारी उभ्या राहणाऱ्या विमानांतील अंतर, इमारतीपासूनची मोकळी जागा, हे सगळे या अक्षरावर ठरते, आणि म्हणून विमानांचे निर्माते रेषेला चिकटून पण तिच्या आत राहतात. ए३२०च्या पंखांच्या टोकांना वर वळवलेले भाग जोडल्यावर त्यांची लांबी ३५.८ मीटर झाली. ए३८०च्या पंखांची लांबी ८० मीटरच्या जेमतेम खाली आहे. आणि २५ जानेवारी २०२० रोजी प्रथम उडालेल्या बोइंग ७७७एक्सने तर यावर अफलातून उपाय शोधला. जमिनीवर असताना त्याच्या पंखांची टोके दुमडून वर उभी राहतात, ज्यामुळे हवेत ७१.८ मीटर असलेली लांबी ६४.८ मीटरवर येते आणि विमान ‘एफ’ऐवजी ‘ई’च्या जागेत उभे राहते. लांब पंखाने इंधन वाचते हे भौतिकशास्त्र सांगते आणि ६५ मीटरची रेषा कागदावरचा नियम सांगतो. त्या दोहोंच्या ओढाताणीतून एवढ्या मोठ्या प्रवासी विमानाला दुमडणारे पंख मिळाले. वर्गवारी आधी असलेल्या यंत्रांचे नुसते वर्णन करत नाही, तर पुढे येणाऱ्या यंत्रांना घडवते, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण आहे.

आसनांच्या बाबतीतही हेच घडते. कानपूरला बनणारे डॉर्नियर २२८, कॅनडाचे ट्विन ऑटर, अमेरिकेचे बीचक्राफ्ट १९०० अशी देशोदेशींची लहान प्रवासी विमाने नेमक्या १९ आसनांवर थांबतात, याचे कारण अमेरिका आणि युरोपच्या प्रमाणन-नियमांत लहान विमानाची मर्यादा १९ आसनांची आहे, आणि युरोपात त्याहून एक आसन वाढले की केबिन कर्मचारी बंधनकारक होतो. विसावे आसन बसवायला जागा असली, तरी त्या एका प्रवाशासाठी येणारा खर्च भरून निघत नाही.

कायद्याच्या दृष्टीने आणखी एक भेद निर्णायक असतो, तो विमानाच्या कामाचा. शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमानुसार लष्करी, सीमाशुल्क आणि पोलीस सेवेतील वायुयाने ‘राज्याची’ ठरतात, करार त्यांना लागू होत नाही, आणि परवानगीशिवाय त्यांना दुसऱ्या देशावरून उडता येत नाही. गोव्यात दाबोळी येथे एकाच धावपट्टीवर नागरी विमानतळ आणि नौदलाचा हंसा तळ असल्याने हा भेद प्रत्यक्ष पाहायला मिळतो: तेथून प्रवासी घेऊन उडणारे बोइंग ७३७ आणि पाणबुड्यांचा माग काढणारे नौदलाचे पी-८आय यांची मूळ बांधणी एकाच कुळातली आहे, तरी एकाला नागरी नियम आणि दुसऱ्याला लष्करी नियम लागू होतात. लष्करी विमानांची आपसातील वर्गवारीही कामावरूनच होते. लढाऊ विमानासाठी ‘एफ’, बॉम्बफेकीसाठी ‘बी’, वाहतुकीसाठी ‘सी’, गस्तीसाठी ‘पी’ ही अमेरिकेची अक्षरे तिच्या तिन्ही सैन्यदलांनी १९६२मध्ये एकसारखी केली आणि नंतर ती जगभर परिचित झाली. मात्र एफ-११७ या रडारला चुकवणाऱ्या विमानाचे काम जमिनीवरील लक्ष्यांवर बॉम्ब टाकण्याचे होते आणि हवाई लढाईसाठी त्यात शस्त्रेच नव्हती, तरी त्याला लढाऊ विमानाचेच अक्षर मिळाले. लढाऊ विमानांच्या चौथ्या आणि पाचव्या ‘पिढी’बद्दल वृत्तपत्रांत जे वाचायला मिळते, त्याच्या मागे तर कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली व्याख्या नाही. तेजसला साडेचारव्या पिढीचे म्हटल्याने त्याच्या क्षमतेविषयी फारसे काही कळत नाही. त्याचे रडार, शस्त्रे आणि इंजिन कोणते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

सामान्य मराठी वाचकाचा मात्र या सगळ्या वर्गवारीशी थेट संबंध येईल तो ड्रोनच्या निमित्ताने. ऑगस्ट २०२१मध्ये लागू झालेल्या भारताच्या ड्रोन नियमांनी विमानासारखे, फिरत्या पंखांचे आणि संमिश्र असे आधाराचे जुनेच भेद कायम ठेवून त्यांवर वजनाचे पाच वर्ग बसवले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोग्रॅमपर्यंत सूक्ष्म, २५ किलोग्रॅमपर्यंत लहान, १५० किलोग्रॅमपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे. नॅनो ड्रोनला, तसेच व्यापारी कामासाठी न वापरलेल्या सूक्ष्म ड्रोनला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे चित्रीकरण पैसे घेऊन करणारा छायाचित्रकार तोच सूक्ष्म ड्रोन वापरूनही प्रमाणपत्र लागणाऱ्यांच्या बाजूला जातो. हे वजन रिकाम्या यंत्राचे नसून त्यावर लादलेल्या सामानासह असते, म्हणजे शेतातील फवारणीच्या ड्रोनचा वर्ग ठरवताना औषधाने भरलेली टाकी धरावी लागते. ग्रामीण भागात महिला बचत गटांपासून द्राक्ष-बागायतदारांपर्यंत अनेकांच्या हाती आता हे यंत्र येत असल्याने, ड्रोन घेणाऱ्याने किंमत आणि कॅमेरा पाहण्याआधी त्याचे कमाल उड्डाणवजन वाचावे, ते कोणत्या वर्गात बसते हे तपासावे, आणि आपले शेत किंवा कार्यक्रमाची जागा सरकारी हवाई नकाशावर हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते हे पाहूनच ते उडवावे, कारण हिरव्या क्षेत्रात साधारण १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून एक मीटरही उडता येत नाही.